फलक-मुद्रणाचा व्यवसाय : प्रारंभीचे दिवस

(वाशीम जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, कार्यालयीन अधिकारी आणि फलक-मुद्रणाच्या व्यवसायात नव्याने पाऊल ठेवू इच्छिणारे तरुण यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मोठ्या आकाराच्या छपाईयंत्राविषयी बोलावयाचे आहे असे कळल्यावर, छपाईयंत्राशी ग्रामपंचायतीचा अथवा शाळेचा काय संबंध, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. संबंध फार निकटचा आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये कार्यालयाबाहेर लावलेली सेवांची यादी, रोजगार हमीच्या कामावरील माहितीफलक, उपकेंद्राच्या दारावरील लसीकरणाचे वेळापत्रक, शाळेच्या प्रवेशोत्सवाचा पडदा, या सर्व वस्तू तालुक्याच्या गावी एखाद्या गाळ्यात ठेवलेल्या यंत्रातून बाहेर पडतात. मंत्रालयात तयार झालेला मजकूर मुंबई, अमरावती, वाशीम असा प्रवास करीत अखेर गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो या गाळ्यातून. तेथे एक अंक चुकला की वरचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. म्हणून हा गाळा नीट चालावा, त्यातील तरुण कर्जाच्या ओझ्याखाली दबू नये आणि त्याच्या हातून निघणारे अक्षर शुद्ध व सुवाच्य असावे, यात आपणा सर्वांचे हित गुंतलेले आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत आपल्याकडे हे काम पेंटर करीत असत. प्रत्येक बाजारगावात एकदोन पेंटर असावयाचेच. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागील फळ्या, निवडणुकीच्या भिंती आणि शाळेच्या व्हरांड्यातील सुविचार हे त्यांचे क्षेत्र. पेंटर या शब्दाला प्रतिष्ठाही होती. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री तर चित्रपटाच्या इतिहासात बाबूराव पेंटर या नावानेच अमर झाले. पुढे फ्लेक्सचे यंत्र आले. जे काम चार दिवसांत होत असे ते तासाभरात होऊ लागले, आणि ब्रश धरणारे हात दोनचार वर्षांत रिकामे झाले. हे थांबविता आले असते असे मला वाटत नाही. तथापि एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. पेंटरला अक्षर येत होते. दोन ओळींत किती अंतर ठेवावे, लांबून काय दिसेल, कोणत्या भिंतीवर कोणता रंग टिकेल, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. यंत्राला यातील काहीच ठाऊक नसते. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ एकदोन दिवस येतो, कळा दाबून दाखवितो आणि निघून जातो. तो जे शिकवीत नाही त्यावरच धंदा तरतो किंवा बुडतो. आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यत्वे त्याविषयी.

प्रथम तरुण मित्रांना एक अप्रिय गोष्ट सांगतो. यंत्र पहिल्या दिवशी घेऊ नका. सहा महिने अथवा वर्षभर दुकान यंत्राविना चालवावे. मागणी घ्यावी, मांडणी स्वतः करावी, छपाई अकोल्यासारख्या मोठ्या शहरातून चौरस फुटाच्या दराने करून आणावी. रिंगा मारणे, चौकट बसविणे आणि फलक उभारणे ही कामे मात्र आपल्या हाती ठेवावी. नफा कमी मिळतो, पण महिन्याला किती चौरस फूट काम आपल्याकडे चालून येते याचा खराखुरा आकडा वहीत जमा होतो. बँकेपुढे ठेवावयाचा कागद तो हाच.

त्या आकड्याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. समजा, यंत्राच्या कर्जाचा हप्ता महिन्याला २०,००० रुपये आहे आणि कापड, शाई व वीज वजा जाता चौरस फुटामागे ४ रुपये उरतात. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. तर नुसता हप्ता फेडण्यासाठी महिन्याला ५,००० चौरस फूट छपाई हवी, म्हणजे कामाचे पंचवीस दिवस धरले तर रोज २०० चौरस फूट. गाळ्याचे भाडे, मदतनिसाचा पगार आणि स्वतःचे पोट त्यानंतर. सोयाबीन घरी आल्यावर, लग्नसराईत, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते त्या सुमारास आणि निवडणुकीच्या दिवसांत इतके काम सहज मिळते. प्रश्न पावसाळ्याचा असतो. पेरणी झालेली, हातात पैसा नाही, समारंभ थांबलेले. अशा आषाढ-श्रावणात हप्ता कोठून द्यावयाचा, याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्यानेच यंत्राचा सौदा करावा.

भांडवलासाठी वाटा आहेत. २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत व तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्जाची तरतूद करण्यात आली. राज्य शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी सर्वसाधारण प्रवर्गास प्रकल्प किमतीच्या २५ टक्के आणि विशेष प्रवर्गास ३५ टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. शहरी भागासाठी हे प्रमाण अनुक्रमे १५ व २५ टक्के ठेवले गेले. आपला व्यवसाय सेवा या सदरात बसतो की उत्पादन या सदरात, हे जिल्हा उद्योग केंद्रात अर्जापूर्वीच विचारून घ्यावे, कारण प्रकल्पाची कमाल मर्यादा त्यावर ठरते. उद्यम नोंदणीही त्याच वेळी करून टाकावी. तिचा उपयोग काय, हे मी पुढे सांगणार आहे.

आता यंत्राकडे वळू. बाजारात साधारणतः दोन जातींची यंत्रे दिसतात. एक दहा फुटी, सॉल्व्हंट शाईचे, मोठे थेंब टाकणारे. चौकातले मोठे फलक यावर निघतात. दुसरे पाच-सहा फुटी, इको-सॉल्व्हंट शाईचे, बारीक थेंबांचे. दुकानातील व्हिनाइल, सनबोर्डवरील तक्ते, जवळून वाचावयाचे माहितीफलक यांना ते योग्य. एका यंत्रात दोन्ही कामे उत्तम होतील या आश्वासनावर विसंबू नये. माझे स्वतःचे मत असे की, आपल्यासारख्या जिल्ह्यात शाळा, दवाखाने व कार्यालये यांची जवळून वाचावयाची कामे वर्षभर पुरतात; मोठ्या फलकांची कामे हंगामी असतात. लहान यंत्राने सुरुवात करणारा मनुष्य रात्री निश्चिंत झोपतो.

दहा फुटी यंत्राचा सांगाडा प्रत्यक्षात पंधरा फुटांच्या आसपास लांब असतो. त्याच्या मागे रोल चढवावयाचा आणि पुढे छापील कापड उतरवावयाचे, म्हणून दोन्ही बाजूंना माणूस फिरेल एवढी जागा लागते. यंत्र दारातून आत जाईल का, हे ते ट्रकमधून उतरल्यावर पाहणे बरे नव्हे. जमीन सपाट हवी, यंत्र पाणसळीने समतल केलेले हवे. वीज हा आपल्याकडील कायमचा विषय. छपाई चालू असताना वीज गेली तर तो फलक तर वाया जातोच, शिवाय शाई सोडणारे डोके उघडे पडून वाळू लागते. म्हणून यूपीएस व व्होल्टेज स्थिर ठेवणारे उपकरण ही चैन समजू नये. आणि अर्थिंग! गाळ्याच्या जुन्या वायरिंगवर भरवसा न ठेवता स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत रोल उलगडताना त्यावर स्थिरविद्युत साठते. त्यामुळे धूळ चिकटते आणि शाईचे थेंब भरकटतात.

उन्हाळ्यात वाशीमचा पारा चाळिशी ओलांडतो, हे आपणास सांगावयास नको. या शाईला साधारणतः २० ते २८ अंशांची हवा आणि मध्यम आर्द्रता मानवते. वैशाखात पत्र्याच्या गाळ्यात यंत्र ठेवल्यास शाई छिद्रातच सुकते. खोली थंड ठेवावी, पण बंद कोंडलेली नसावी, कारण सॉल्व्हंट शाईची वाफ डोळ्यांना व घशाला बाधते. वाफ बाहेर टाकणारा पंखा हवा, शाई हाताळताना हातमोजे हवेत आणि यंत्राच्या खोलीत कोणी झोपता कामा नये. शाई पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, कारण त्या चटकन पेट घेतात. खंडेनवमीला यंत्राची पूजा सर्वच करतात, ती अवश्य करावी. उदबत्ती व निरांजन मात्र खोलीबाहेर लावावे. देव समजून घेतो, सॉल्व्हंट समजून घेत नाही.

यंत्र बसले की पहिला आठवडा गिऱ्हाइकाचे काम हाती घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. हा आठवडा यंत्राशी ओळख करून घेण्याचा. रोज सकाळी सर्वप्रथम नोझल-चाचणीची पट्टी काढावी. नोझल म्हणजे शाई सोडणारी सूक्ष्म छिद्रे. पट्टीवरील बारीक रेघांत कोठे खंड पडला आहे, हे उजेडात धरून पाहावे. एखादी रेघ तुटली तर साफसफाईची क्रिया एकदा, फार तर दोनदा करावी. तेवढ्याने न भागल्यास थोडा वेळ थांबावे, कारण पुन्हा पुन्हा साफसफाई करण्यात किमती शाई वाहून जाते आणि दोष मात्र तसाच राहतो. या पट्ट्या तारीख घालून एका वहीत चिकटवीत गेल्यास तीन महिन्यांनी ती वही म्हणजे यंत्राची जन्मपत्रिका होते. तंत्रज्ञास बोलवावे लागले तर तोंडी वर्णनापेक्षा ती वही पुढे करावी.

त्यानंतर दोन जुळण्या. यंत्राचे डोके डावीकडून उजवीकडे जाताना व परत येताना, दोन्ही वेळा शाई टाकते. जाणाऱ्या व येणाऱ्या फेरीचे थेंब नेमके एकमेकांवर पडले नाहीत तर उभ्या रेघा दुहेरी दिसतात आणि बारीक अक्षर धूसर होते. दुसरी जुळणी कापड पुढे सरकण्याची. कापड हवे त्याहून कमी सरकले तर आडवे गडद पट्टे पडतात, अधिक सरकले तर पांढरे. रोल बदलला, कापडाची जाडी बदलली की ही जुळणी पुन्हा करावी लागते. नवशिके येथेच कंटाळतात आणि पट्टे पडलेला फलक ‘लांबून दिसत नाही’ असे म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. गिऱ्हाईक एकदा ऐकून घेते.

डोके आणि कापड यांच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असते. कापडाची कड वर उचललेली असेल अथवा उष्णतेने सुरकुती पडली असेल तर धावते डोके तिच्यावर आपटते. संपूर्ण यंत्रात डोक्याइतका नाजूक व महाग भाग दुसरा नाही. म्हणून पहिले दोन-तीन फूट कापड सरकेपर्यंत यंत्राजवळून हलू नये. काम नसलेल्या दिवशीही चारही रंगांची लहानशी पट्टी छापावी. बसून राहिलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर बिघडते. शाई एकाच उत्पादकाची वापरावी. स्वस्त मिळाली म्हणून दुसरी मिसळली आणि दोहोंचे जमले नाही, तर गाठी होऊन डोके बाद होण्याची वेळ येते.

संगणकावरील चित्र किती बारकाईचे असावे, याविषयी फार गैरसमज आहे. पुस्तकाच्या छपाईत इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणून फलकालाही तेवढेच हवेत असे मानले जाते. १० बाय २० फुटांचा फलक इंचाला ७२ बिंदूंनी केला तरी त्यात सुमारे १५ कोटी बिंदू होतात, आणि चार रंगांच्या हिशेबाने ते चित्र ६०० एमबीच्या घरात जाते. ३०० बिंदू धरले तर हाच आकार सतरा पटींहून अधिक होतो, संगणक बंद पडतो आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यास फरक तिळमात्र दिसत नाही. उलट हातभर अंतरावरून वाचावयाच्या तक्त्याला १०० ते १५० बिंदू द्यावेत. रंगांचेही असेच. पडद्यावर झळाळणारा भगवा व हिरवा कापडावर तसाच उतरेल असे कोणास सांगू नये, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवितो आणि छपाई शाईने. फूटभराचा नमुना छापून दाखविणे हा एकच प्रामाणिक मार्ग होय.

धंद्यातील नफा पुष्कळदा कात्रीखाली जातो, म्हणून वाया जाणाऱ्या कापडाचा हिशेब येथेच करू. दहा फुटी रोलवर ६ बाय ३ फुटांचे तीन फलक छापावयाचे आहेत. सहा फुटांची बाजू आडवी ठेवून एकाखाली एक छापले तर नऊ फूट रोल जातो. ९० चौरस फुटांपैकी ५४ कामी येतात आणि ३६ वाया. तेच फलक उभे करून शेजारी शेजारी तिन्ही लावले तर सहा फूट रोल लागतो, वाया जातात फक्त ६ चौरस फूट. यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे अक्षर. कलाशाखेच्या पदवीधराने थोडे विषयांतर केले तर आपण क्षमा कराल. हे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये येथेच मिळाला. ताम्रपट म्हणजे एका परीने शासनाचा माहितीफलकच. कोणते गाव कोणाला दिले, कोणत्या करांतून सूट दिली, हे सर्वांस कळावे आणि पुढे वाद होऊ नये म्हणून कोरलेला. सोळा शतके लोटली तरी तो वाचता येतो. आपला फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो हे खरे. परंतु ती दोन वर्षे तरी तो वाचता यावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

वाचता न येण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, लिपीचे संकेत. पुष्कळ दुकानांत अद्याप श्री-लिपी, कृतिदेव यांसारखे जुने फाँट वापरले जातात, तर कार्यालयातून मजकूर येतो युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात उतरविताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते, रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल तर युनिकोड मराठीचेही असेच हाल होतात. मजकूर पुन्हा टंकित करणे हा उपाय नव्हे, त्यातून नव्या चुका निपजतात. युनिकोड नीट समजणारी आज्ञावली व फाँट घ्यावेत, मजकूर तपासून व्हावा आणि नंतरच अक्षरांचे रेषाचित्रात रूपांतर करावे. रूपांतर झाल्यावर चूक सुधारता येत नाही.

दुसरे कारण मराठीचे म्हणून जे वेगळेपण आहे त्याकडे होणारे दुर्लक्ष. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये प्रमाणभूत मराठी वर्णमाला निश्चित केली व १० नोव्हेंबर २०२२ रोजी ती सुधारित स्वरूपात पुन्हा प्रसृत केली. तीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे दिलेली आहेत. हिंदी वळणाचे फाँट घेतले की ही दोन्ही अक्षरे परकी दिसतात. तसेच ‘ऱ्य’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ज्या फाँटमध्ये अर्ध्या रकाराचे हे चिन्ह नाही, तो फाँट ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्दच धड छापू शकत नाही. आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तो शब्द किती वेळा छापावा लागतो हे आपण जाणता. फाँट विकत घेण्यापूर्वी ‘शेतकऱ्यांच्या कल्याणाचे महत्त्व’ एवढीच ओळ छापून पाहावी. बाकी कसोट्यांची जरुरी नाही.

तिसरे कारण आकार. दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर, हा जुना व्यवहारी नियम आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून खालपर्यंत मोजावी. वरच्या मात्रा, खालचे उकार आणि दोन ओळींतील मोकळी जागा त्याशिवाय. शंभर फुटांवरून वाचावयाचे असेल तर दहा इंची अक्षर हवे, आणि मात्रा-उकारांसह एका ओळीला सोळा इंच तरी लागतात. चार फूट उंचीच्या फलकावर अशा तीनच ओळी बसतात. अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. त्या प्रवाशाला चारपाच सेकंदांत तीन ओळी वाचून होतात, अठरा होत नाहीत. तरीही आम्ही कार्यालयातले लोक अठरा ओळी पाठवितो, वर एकवीस छायाचित्रे देतो, आणि ‘सर्व बसवा’ असे सांगतो. फलकवाला बसवितो. त्याचे काय जाते?

अंकांबाबत दोन शब्द. शोभिवंत फाँटमध्ये ‘१’ आणि ‘९’ लांबून सारखे दिसतात. रुग्णवाहिकेचा १०८ व बालकांच्या मदतीचा १०९८ हे क्रमांक साध्या, ठसठशीत फाँटमध्येच असावेत आणि छपाईपूर्वी कोणीतरी ते प्रत्यक्ष फिरवून पाहावेत. राजमुद्रा छापताना तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ असावेच लागते, त्यावाचून ती अपूर्ण समजली जाते. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात ही अक्षरे पुष्कळदा कापलेली असतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. २०२२ च्या सुधारणेनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नामफलक मराठी देवनागरीत लावणे आवश्यक झाले असून, मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. नामफलक करणाऱ्याने हे गिऱ्हाइकास आधीच सांगितले तर त्याचा दुहेरी खर्च वाचतो. सार्वजनिक ठिकाणी परवानगीविना फलक लावण्यास १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. परवानगीचा क्रमांक व मुदत फलकाच्या कोपऱ्यात छापण्याची सवय लावून घेतल्यास छापणारा व लावणारा दोघेही निर्धास्त राहतात. निवडणुकीच्या काळात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२७-क लक्षात ठेवावे. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाची सही असलेले व दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र घेतल्याशिवाय काम स्वीकारू नये, आणि छपाईनंतर त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचवावी. या कलमात हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती वाढविण्याची प्रत्येक रीत छपाईत मोडते. ‘मी मुद्रक नव्हे, फ्लेक्सवाला आहे’ असे म्हणून सुटका होत नाही. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ जणांचे प्राण गेले. ते मुंबईचे प्रकरण, आपल्याकडे एवढे फलक कोठे, असे म्हणून चालणार नाही. १० बाय २० फुटांच्या फलकावर ताशी १०० किलोमीटरचा वारा आदळला की जवळजवळ एक टनाचा रेटा बसतो. वळवाच्या पावसापूर्वी असे वारे आपल्याकडेही सुटतात. बांबूच्या चौकटीवर अथवा विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेला फलक तो रेटा कसा सोसणार? उभारणीचे काम घेणाऱ्याने मोठ्या सांगाड्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा, आणि ग्रामपंचायतीने परवानगी देताना तो मागावा. कार्यक्रम संपल्यावर फलक उतरविण्याची तारीख मागणीपत्रातच लिहावी.

आता अधिकारी, शिक्षक व सदस्य या नात्याने आपण काय करू शकतो ते पाहू. बहुतेक सर्व कार्यालयांची रीत अशी की, उद्याच्या कार्यक्रमाचा मजकूर आज संध्याकाळी सहा वाजता मोबाइलवर पाठवावयाचा, रात्री नऊ वाजता पाहुण्यांच्या नावांचा क्रम बदलावयाचा, आणि सकाळी सातला फलक मागावयाचा. तपासणी कोणी केली? कोणीच नाही. चूक झाली की दोष दुकानदाराचा. याऐवजी मजकूर एकाच जबाबदार व्यक्तीने लेखी द्यावा, छपाईपूर्वीचा नमुना तिनेच पाहावा आणि मान्य असल्याचे लेखी कळवावे. शाळेतील मराठीचे शिक्षक गावातील ग्रामपंचायतीसाठी दहा मिनिटे खर्च करतील तर ‘उज्ज्वल’, ‘आशीर्वाद’ आणि ‘महत्त्व’ हे तीन शब्द तरी जिल्ह्यात सर्वत्र शुद्ध दिसू लागतील.

देयकांची गोष्ट अधिक गंभीर आहे. दुकानदाराचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेस जातो. कार्यालयाचे देयक मात्र मार्चअखेरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे रेंगाळते. रक्कम कार्यालयाच्या दृष्टीने किरकोळ असते, दोनचार हजारांची. अशी पंचवीस किरकोळ देयके अडकली की एका तरुणाचे दुकान बंद पडते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. शासकीय कार्यालयास यातून सूट नाही. मघाशी उद्यम नोंदणीचा उपयोग सांगेन म्हणालो तो हाच. या तरतुदीचा आधार घेण्यासाठी नोंदणी काम घेण्यापूर्वीची असावी. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाविरुद्ध सहसा तक्रार करणार नाही, हे मी जाणतो. म्हणूनच ग्रामसेवक व लेखापाल यांनी फलकाची देयके वेगळ्या नोंदवहीत तारखेनिशी ठेवावीत, आणि मासिक सभेत ४५ दिवसांपुढील नावे वाचून दाखवावीत.

शेवटचा मुद्दा उतरविलेल्या फ्लेक्सचा. हे कापड म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढविलेले पीव्हीसी. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक अथवा पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. रोल घेताना जाडीची लेखी खात्री मागावी, जप्ती आली तर घाऊक व्यापारी पुढे येत नाही. जाड फ्लेक्सला बंदी नाही, पण त्याची विल्हेवाटही सोपी नाही. शेतकरी जुने फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर अंथरतात, गोठ्याला आडोसा करतात. हा वापर चांगलाच आहे. मात्र दोनतीन वर्षांनी त्याचे तुकडे पडू लागतात आणि कोणी ते कचऱ्याबरोबर पेटवितो. पीव्हीसी जळताना निघणारा वायू छातीला घातक असतो, आणि शाळेच्या मागील उकिरड्यावर तो धूर कोणाच्या छातीत जातो हे शिक्षकांना सांगावयास नको. एक दिवसाच्या कार्यक्रमासाठी कापडी पडदा वापरावा. वर्षानुवर्षे राहावयाची माहिती, उदाहरणार्थ सेवांची यादी अथवा शाळेचे नाव, पत्र्यावर रंगवून घ्यावी. गावात एखादा जुना पेंटर अद्याप असेल तर त्याच्याकडूनच; आणि त्याच्या शेजारी संगणकावर बसणाऱ्या मुलालाही उभे करावे. ओळींतील अंतर कसे सोडावयाचे, हे त्याला तेथे अर्ध्या दिवसात समजेल.

बाजूच्या खोलीत आता एक यंत्र सुरू करण्यात येत आहे. त्यावर प्रथम नोझल-चाचणीची पट्टी निघेल, नंतर ‘शेतकऱ्यांच्या कल्याणाचे महत्त्व’ ही ओळ तीन वेगवेगळ्या फाँटमध्ये व तीन आकारांत छापली जाईल. ती अंगणातील भिंतीवर लावून दहा, पन्नास आणि शंभर फुटांवर खडूने रेघा मारलेल्या आहेत. प्रत्येकाने तिन्ही रेघांवर उभे राहून वाचून पाहावे. ज्यांचे चष्मे घरी राहिले असतील त्यांनी तर अवश्य पाहावे, कारण फलक वाचणाऱ्या अर्ध्या लोकांची स्थिती तशीच असते.